वाचकांचे प्रश्न : गाडीला घरीच रंग द्यावा का?

प्रश्न : माझ्याकडे 2010 सालची पांढरी मारुती अल्टो आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. इंजिन उत्तम आहे. मात्र टप आणि बॉनेट निस्तेज झाले असून हात फिरवला की बोटांना पांढरी भुकटी लागते, आणि डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोड आले आहेत. गॅरेजमध्ये पूर्ण गाडी रंगवण्याचे पस्तीस हजार रुपये सांगितले. कॉम्प्रेसर भाड्याने आणून घराच्या पोर्चमध्ये मी हे काम आठ हजारांत करू शकेन का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : काम करू शकाल, परंतु पूर्ण गाडी रंगवण्याचा विचार आधी सोडून द्यावा. त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या पांढऱ्या रंगावर बऱ्याच गाड्यांना क्लिअर कोटचा, म्हणजे वरच्या पारदर्शक रंगाचा, वेगळा थर नसतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने रंगाचा अगदी वरचा पापुद्रा मरतो आणि त्याची भुकटी होते. खालचा रंग बहुधा शाबूत असतो. टपाच्या मध्यावर मास्किंग टेपने वीतभर चौकोन आखून घ्या आणि गडद रंगाच्या ओलसर सुती फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन तो हलक्या हाताने चोळा. फडक्याला पांढरे लागले आणि टेप काढल्यावर चौकोन उजळ उठून दिसला, तर टप आणि बॉनेटला रंगाची गरज नाही. कंपाउंड, त्यावर पॉलिश आणि एक-दोन रविवारांची मेहनत पुरेल. कडांवर मात्र जोर लावू नये, कारण तेथे रंग पातळ असतो आणि खालचा प्रायमर चटकन उघडा पडतो.

राहिले दार. तेथे रंगाच्या आधी पाणी पाहावे लागेल. काचेच्या फटीतून दारात उतरणारे पावसाचे पाणी खालच्या कडेच्या बारीक भोकांतून निघून जाणे अपेक्षित असते. ही भोके चिखलाने बुजली की पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजत बाहेर येतो, म्हणून फोड नेहमी खालच्या कडेला दिसतात. जाड तारेने भोके मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली गळते की नाही हे पाहा. हे न करता वरून कितीही उत्तम रंग दिला, तरी पुढच्या पावसाळ्यानंतर फोड परत येतील. फोडावर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून दाबल्यावर ते आरपार गेले, तर पत्रा संपलेला आहे. मग ते काम वेल्डिंगवाल्याचे, लांबी (पुट्टी) भरून ते झाकू नये.

पत्रा भक्कम असेल तर 80 नंबरच्या सँडपेपरने फोडाच्या चारी बाजूंनी दोन बोटे पुढेपर्यंत, धातू चकचकीत दिसेतो घासावे. खाचांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारा द्रव), तो वाळल्यावर एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर खड्डा असेल तेवढीच पातळ लांबी, हा क्रम ठेवावा. लांबी कोरडीच घासावी, कारण ती पाणी शोषून घेते. घासताना पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला असावा. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या नाल्या उमटतात, ज्या प्रायमरवर दिसत नाहीत आणि रंग चढून गाडी उन्हात उभी राहिली की लगेच दिसतात. बारीक खाचा भरणारा सरफेसर प्रायमर मारल्यावर त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा द्या आणि 600 व नंतर 800 नंबरच्या वॉटर पेपरने घासा. जेथे काळे राहिले तेथे अजून खळगा आहे. रंगकामाचा बहुतेक सारा वेळ या घासण्यात जातो, आणि गॅरेजच्या बिलातही मजुरीचा मोठा वाटा याच कामाचा असतो.

रंग कोणता घ्यावा? गेटला लावतात तो ऑइल पेंट स्वस्त असला तरी गाडीला लावू नये. तो सावकाश वाळतो, तोवर धूळ खातो, आणि पुढे कधी त्यावर गॅरेजमधला तीव्र थिनरचा रंग बसला तर सुरकुततो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के पीयू (पॉलियुरेथेन) रंग सर्वांत टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. म्हणून एका दारासाठी, आणि तेही पोर्चमध्ये, मी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग सुचवीन. तो कमी टिकतो, परंतु लवकर वाळतो आणि चुकल्यास घासून पुन्हा मारता येतो. त्याच्या थिनरसाठीही कार्बन कार्ट्रिजचा मास्क घ्यावाच, आणि थिनरची वाफ पेट घेऊ शकते म्हणून जवळपास गॅस गीझर असल्यास तो त्या वेळी बंद ठेवावा.

रंग जुळवण्यासाठी केवळ कोडवर विसंबू नये. मारुतीच्या सुपीरियर व्हाइटचा कोड 26U असा आहे, परंतु पंधरा वर्षांचे ऊन खाल्लेला पांढरा आणि डब्यातला पांढरा एक नसतात. पेट्रोल टाकीचे झाकण कंपाउंडने स्वच्छ करून, ते काढून दुकानात घेऊन जावे. आणि ठिगळासारखा तुकडा न रंगवता पूर्ण दार कडेपासून कडेपर्यंत रंगवावे. दोन पत्र्यांमधली फट छटेतला फरक लपवते.

नाशिकच्या पावसाळ्यात हे काम काढू नये, कारण दमट हवेत एनसी रंगाची चमक मरते. दिवाळीनंतरची कोरडी हवा चांगली, मात्र थंडीत पहाटेचे दव वाळून ऊन तापल्यावर, साधारण 11 ते 3 या वेळेतच फवारावे. पोर्चची फरशी आधी ओली करून घेतल्यास धूळ बसून राहते. स्प्रे गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंटिमीटर अंतरावर ठेवून प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा, आणि पहिला हात नुसता धुकट द्यावा. ओघळ आला तर बोट लावू नका, वाळू द्या, मग घासा.

प्रश्न : जुन्या जीपला लष्करी हिरवा रंग द्यायचा आहे. चालेल का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण विभागाच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही. तोफखान्याच्या गावात तो मोह व्हावा हे समजू शकते. दुसरा कोणताही रंग निवडला आणि तो नोंदणी प्रमाणपत्रावरील रंगाहून वेगळा असला, तर आरटीओकडे त्याची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

प्रश्न : सिल्व्हर मेटॅलिक गाडीचा फक्त खरचटलेला बंपर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रेच्या डब्याने रंगवावा का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : छटेतला फरक खपवून घेणार असाल तरच. मेटॅलिक रंगातील धातूचे बारीक कण फवाऱ्याच्या जोरानुसार वेगवेगळे बसतात, त्यामुळे कोड तोच असूनही बंपर वेगळा दिसतो. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने प्लॅस्टिक प्रायमर आधी लावावा, नाहीतर रंग सालीसारखा सुटेल. आणि शेजारच्या गाड्या आधी बाजूला काढायला सांगा. फवाऱ्याचा धूर दिसतो त्याहून बराच लांब जातो.