स्कॉलरशिप की महागडं कॉलेज?

अभिनंदन! स्कॉलरशिप देणारं कॉलेज आणि महागडं कॉलेज, दोन्हीकडे नंबर लागला, निम्मी लढाई जिंकलीस. आता स्कॉलरशिपचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाच. 'शंभर टक्के' दिसलं की आपण तिथेच थांबतो. माझ्या पत्रात तळाला बारीक अक्षरांत होतं: दरवर्षी ८ सीजीपीए (१० पैकी सरासरी गुण) हवा. दुसऱ्या वर्षी ७.८ आला आणि बाबांना एफडी मोडावी लागली.

बाकी एवढंच बघ:
- माफी फक्त ट्यूशन फीची, की होस्टेल-मेसचीही?
- महागड्या कॉलेजसाठी १० लाख कर्ज, १० टक्के व्याज म्हणजे वर्षाला १ लाख नुसतं व्याज. हप्ते शिक्षणानंतर, व्याज मात्र पैसे उचलल्यापासून.
- नोकरीचं 'सर्वाधिक पॅकेज' सोड, तुझ्या ब्रांचमध्ये पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला काय मिळालं ते सीनिअरना विचार.

ब्रांच तीच असेल तर मी डोळे झाकून स्कॉलरशिप घेईन. नावडती ब्रांच मात्र फुकटातही घेऊ नकोस.