एआय वापरा, पण सुरुवात स्टाफ रूममधून

ताई, तुम्ही विचारलंत, सुरुवात कशी करू: तुमच्या मुख्याध्यापिकांनी 'या सत्रापासून एआय वापरा' एवढंच सांगितलंय, वर्गात प्रोजेक्टर एकच, आणि मुलं निबंध तिथूनच उतरवतील ही धास्ती. मीही मुंबईत मराठी माध्यमालाच इतिहास शिकवतो, म्हणून लिहितोय.

मुलांच्या हातात एआय इतक्यात देऊ नका. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्यांना ते वापरता येत नाही, १८ पर्यंत पालकांची संमती लागते. लॉगिन तुमचं असू द्या, आणि मुलांची नावं, गुण त्यात टाकू नका.

पाठाचं टाचण एआयकडून लिहून घ्यायचा मोह आवरा. ते छान दिसतं, पण कुठल्याही शाळेत खपेल असं असतं (फाइल जाड होते, तो भाग वेगळा). खरा उपयोग प्रश्न काढायला. ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ घ्या, धड्याची पानं जोडा आणि सांगा, 'फक्त यातूनच सोपे, मध्यम, कठीण प्रश्न काढ'. आमच्या वर्गात बरीच मुलं घरी हिंदी बोलतात, त्यांच्यासाठी तोच उतारा छोट्या वाक्यांत करून घेतो. मराठी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा, लिंगाच्या चुका हमखास निघतात.

माझा आवडता तास चुका शोधण्याचा. पुस्तक न जोडता एआयकडून महाडच्या सत्याग्रहावर दहा ओळी लिहून घ्यायच्या आणि पडद्यावर लावायच्या. एकदा त्याने मनुस्मृती दहन मार्चमध्येच उरकून टाकलं. चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ ला, दहन झालं त्याच वर्षी २५ डिसेंबरला. मागच्या बाकावरच्या पोराने पकडलं, आणि मग मधले नऊ महिने काय घडलं यावर तास रंगला. त्याने चूक केलीच नाही, तर 'दोन चुका पेरून दे' म्हणून सांगा.

निबंधाचं म्हणाल, तर एआयने लिहिलेलं ओळखणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. अशा साइट्सच्या भरवशावर पोराला चोर ठरवणं मला पटत नाही. निबंध वर्गातच लिहून घ्या. घरी द्यायचाच तर 'आमच्या मजल्यावर पाणी येतं तेव्हा' असा विषय द्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच काहीतरी तोंडी विचारा.

मुख्याध्यापिकांना दाखवायला काही हवं असेल, तर मुलांनी लाल पेनाने खुणा केलेल्या त्या दहा ओळी फाइलला लावा.