फळ्यावरचा तेरडा आणि हातातला तेरडा

प्रश्न: मी कोल्हापुरात बालवाडीच्या मोठ्या गटाला शिकवते, 4-5 वर्षांची 26 पोरं आहेत. गौरी जवळ आल्यात म्हणून तेरड्याचे डहाळे वर्गात आणले, फळ्यावर चित्र काढून दिलं आणि रंगवा म्हटलं, तर सगळ्यांनी माझ्यासारखंच पाच पाकळ्यांचं फूल काढलं, समोरच्या डहाळ्याकडं कुणी बघितलं पण नाही. एकानं तर नुसत्या तांबड्या उभ्या रेघोट्या मारल्या. त्याची आई म्हणाली, हे काय काढलंय, फाईलला लावू नका. काय करू?

उत्तर: ताई, आधी फळा पुसा. तयार फूल समोर असल्यावर पोरं डहाळ्याकडं कशाला बघतील, बाईंना काय पाहिजे ते त्यांना बरोबर कळतं.

आता त्या रेघोट्यांचं. रंगीत फुलाच्या तेरड्याचं खोड बऱ्याचदा तांबूस असतं, त्यामुळं मला तर वाटतंय की तेरडा बघितला तो त्या एकट्यानंच. विचारा त्याला, आणि तो काय म्हणेल ते त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहा. आईला पटत नसेल तर एक गंमत करा. पांढऱ्या फुलाची, फिकट खोडाची फांदी घ्या, खालून ताजी कापा आणि खायचा तांबडा रंग चांगला घट्ट कालवून त्या पाण्यात सकाळी शाळा भरताना ठेवा. तेरड्याचं खोड पाणीदार, उजेडात धरलं की जवळजवळ आरपार दिसतं, त्यामुळं काही तासांत आतनं तांबड्या रेघा वर चढताना दिसतात. मग परत चित्र काढायला द्या.

एका दिवशी एकच गोष्ट बघायची, तिघाचौघांत एक फांदी. फूल उलटं करा म्हणावं, मागं बारीक वाकडी शेपटी असते, मध तिथंच असतो. कोण उंदराची शेपटी म्हणेल, कोण हुक, म्हणू दे की. गुलाबी पाकळी कागदावर घासली की रंग उतरतो, तो कागद खिडकीत ठेवा आणि रोज बघा, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते खरं का खोटं पोरंच सांगतील. पानाचे ठसे मात्र तेरड्याचे नकोत, पान कोवळं, क्रेयॉन फिरवला की चिरडतं, त्याला पिंपळाचं पान बरं. आणि काहीच तोंडात घालायचं नाही हे आधीच बजावा.

बोंडं शेवटी ठेवा. पिकून फुगलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्कन फुटतं, बिया उडतात आणि साल आळीसारखी गुंडाळून हातात राहते. हिरवी कडक बोंडं फोडू नका, उगाच हिरमोड होतो. त्या दिवशी चित्रबित्र काही होणार नाही, नुसता दंगा, फार तर ती गुंडाळलेली साल मातीची करायला द्या. बिया काडेपेटीत भरून जूनपर्यंत ठेवा. आणि मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, बिया पार कपाटाखाली जातात.