पहिला ब्लॉट लावण्याआधी

नांदेडहून संभाजीनगरला येऊन कॅन्सरच्या ड्रग रेझिस्टन्सवर, म्हणजे पेशी औषधाला दाद देईनाशा होतात त्यावर, प्रोजेक्ट घेतलास, फार बरं वाटलं. पहिला वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलमध्ये प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून हवं ते ओळखायची चाचणी, लावताना काय सांभाळायचं ते विचारलंस म्हणून सांगते. सहा-सात मार्करांच्या, म्हणजे रेझिस्टन्सची खूण दाखवणाऱ्या प्रोटीनांच्या, मागे एकदम लागू नकोस. एकच धर, पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ साली जुलियानो आणि लिंग यांनी औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर ते दाखवलं. पेशीच्या आवरणात बसून ते डॉक्सोरुबिसिनसारखं कॅन्सरचं औषध बाहेर उपसत राहतं, मोटेनं विहीर उपसावी तसं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- सॅम्पल उकळणं. सवयीनं सगळेच ९५ अंशांवर ठेवतात. आवरणातल्या या प्रोटीनच्या गुठळ्या होतात आणि ते जेलमध्ये उतरतच नाही. माझा पहिला महिना यातच गेला. १७० किलोडाल्टनपाशी, म्हणजे या प्रोटीनच्या वजनाच्या जागी, काही नाही, वर वेलच्या (सॅम्पल भरायच्या खाचेच्या) तोंडाशी नुसता काळा डाग. रडू यायचं. ३७ अंशांवर ठेवलं आणि बँड, म्हणजे प्रोटीनची पट्टी, आला.
- औषध लागू पडणाऱ्या मूळ पेशी जेलच्या शेजारच्या लेनमध्ये (रांगेत) न लावणं. तुलनेशिवाय गडद बँडला अर्थ नाही.
- सॅम्पल थंड ठेवायच्या बर्फाची हयगय. एप्रिलमध्ये आपल्याकडे लाइट जातेच, थर्मासमध्ये जास्तीचा भरून ठेव.

आणि बँड दिसला म्हणजे रेझिस्टन्सचं कारण सापडलं, असं लिहू नकोस. प्रोटीन असणं वेगळं, त्यानं काम करणं वेगळं. डिशमधल्या पेशींना या प्रोटीनचं उपसणं अडवणारं व्हेरापामिल देऊन औषध पुन्हा लागू पडतं का, ते बघ.

पहिल्या ब्लॉटचा फोटो पाठव, बँड आला नाही तरी.