मताखाली साल लिही

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. युद्धकाळात अमेरिकनांना 'किचिकु', म्हणजे राक्षस आणि पशू, म्हणणारा जपान शरणागतीनंतर त्यांच्याशी इतक्या लवकर जुळवून कसा घेतो, आणि यांतले खरे मत कोणते, या प्रश्नापाशी तुझा प्रबंध अडला आहे. प्रश्नच चुकीचा मांडला आहेस. मताखाली साल लिही आणि ते कोणाचे, तेही लिही.

१८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा अधिकारी पेरी काळी जहाजे घेऊन जपानच्या उरागा बंदराला आला, तेव्हा त्याला न पाहिलेल्या चित्रकारांनीही लांब नाकाचा तेंगू, म्हणजे जपानी लोककथांतला पिशाच्चासारखा प्राणी, म्हणून त्याची चित्रे काढली. ते भयाचे चित्र होते, त्या वर्षांचे.

आता १९२७ पाहा. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी स्थलांतराला दार बंद केले होते. तरीही हिनामात्सुरीसाठी, म्हणजे जपानी मुलींच्या बाहुल्यांच्या सणासाठी, अमेरिकेतून १२,००० हून अधिक निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जपानी शाळांत पोहोचल्या. प्रत्येकीजवळ तिचा छोटा पासपोर्ट होता. जपानने किमोनो ल्यालेल्या ५८ बाहुल्या उलट पाठवल्या. पुढे युद्धात त्याच निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या जाळल्या गेल्या, बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या गेल्या. पण काही शिक्षकांनी त्या माळ्यावर, कपाटामागे दडवल्या, म्हणून सुमारे ३०० वाचल्या. सांग, १९४३ चा 'जपानी' यांतला कोणता? भाला धरणारा की बाहुली लपवणारा? 'जपानी लोक मानतात' हे वाक्य तू पुन्हा लिहिलेस, तर मी पुढचे पान वाचणार नाही.

रागावलो, कारण हीच चूक माझी आहे. तिशीत मी 'जपानी मन' या विषयावर लेख लिहिला. जपानला न जाता, अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांशी बोलून युद्धकाळात केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष मी साल न देता अख्ख्या जपानला लावले. लेखाचे कौतुक झाले, आणि ते मला आजही बोचते. तेव्हापासून साल नसलेला उतारा मी स्वीकारत नाही. सहकारी याला किस काढणे म्हणत, म्हणोत. १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबणाऱ्या अमेरिकेने १९८८ मध्ये कायद्याने माफी मागितली. एक वर्ष आधी, १९८७ मध्ये, तिच्याच काही लोकप्रतिनिधींनी वॉशिंग्टनमध्ये संसदभवनासमोर तोशिबा या जपानी कंपनीचा रेडिओ घणाने फोडला होता. दोन्ही अमेरिकाच, साल गाळलेस तर कोणती घेशील?

तिसरे प्रकरण पुन्हा लिही आणि समासात प्रत्येक मताशेजारी साल व माणूस टाकून संक्रांतीपूर्वी पाठव. बाहुल्या लपवणाऱ्या शिक्षकांना स्वतंत्र परिच्छेद दे.