ट्रेलरमध्ये एका रात्रीसाठी कोणती बॅटरी घ्यावी?

प्रश्न : छोट्या कॅम्पर ट्रेलरमध्ये दोन दिवे, एक पंखा आणि दोन मोबाइल एवढंच चालवायचं आहे. गाडीचीच बॅटरी वापरली तर चालेल का?

उत्तर : नको. ती इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर जोरदार करंट देण्यासाठी असते. रात्रभर उपसली की लवकर खराब होते, आणि सकाळी गाडी ढकलावी लागते.

आधी हिशोब करा. ५ वॅटचे दोन एलईडी ५ तास म्हणजे ५०, २० वॅटचा १२ व्होल्टचा पंखा ८ तास म्हणजे १६०, मोबाइलना ३०. एकूण २४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टने भागल्यावर साधारण २० अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणून ती किमान ४० ची हवी. १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ३० ची पुरते, वजनही बरंच कमी. महाग असली तरी आम्ही हीच सुचवू, पण चार्जर तिच्यासाठीचाच घ्या.

पंखा थेट १२ व्होल्टवरच चालवा; इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी बॅटरी खातो. प्लसच्या टोकाजवळच, वीतभर अंतरात, १० अँपिअरचा फ्यूज लावा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. पत्र्याच्या कडेला घासून ती सोलली गेली, तर आग रोखणारा हा फ्यूजच.