लेकीच्या प्रोजेक्टमधला पारा आणि घरातली घाई

पत्र थोडक्यात असं: “मुलगी नांदेडला एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी.ला ७१ टक्के. प्रोजेक्टसाठी पाऱ्याच्या थेंबावर शिसं आणि कॅडमियमचे आलेख काढते. चार महिने झाले, एकच आलेख. पारा विषारी, पुढे लेकराबाळांना त्रास होतो म्हणतात. तिचे काका म्हणतात, हे सोडून तलाठी भरतीचा अभ्यास करावा. स्थळही चांगलं आलंय, दिवाळीनंतर ठरवायचंय. आमचं हळदीचं आडत दुकान आहे, शिक्षणातलं कळत नाही. तिला दोन शब्द सांगा.” – एक पालक, वसमत

नमस्कार भाऊ,

पत्र तीनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, काका आहेत, पाहुणे आहेत. लेक कुठेच नाही. चार महिने ती त्या थेंबापाशी का बसते, हे तिला विचारल्याचा एक शब्दही नाही.

पाऱ्याची भीती आणि स्थळाची घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्या एकत्र कालवल्यात. पाऱ्याचा धोका असेल तर त्याचा उपाय प्रयोगशाळेत आहे, मांडवात नाही. मला खरी काळजी वाटते ती पुढची. “त्रास होतोय म्हणालं की शिक्षण बंद” हे एकदा तिच्या मनात बसलं, तर उद्या पारा सांडला, डोकं दुखलं, हात थरथरले, तरी ती तुम्हाला सांगणार नाही. ज्या धोक्यापासून तिला वाचवायला निघालात, तोच ती तुमच्यापासून लपवेल.

भीती निराधार नाही, हेही सांगते. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, ती बंद खोलीत साठते. गरोदरपणात तर तिच्यापासून लांबच राहायला हवं. मी शिकत होते तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीच्या भेगांत पाऱ्याचे मणी चमकायचे आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आज आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणून नांदेडला जरूर जा, पण तिचं सामान आणायला नको. तिच्या मार्गदर्शकांना भेटा. वाफ ओढून घेणारं हूड चालू आहे का, उपकरणाखाली काठाचा ट्रे आहे का, वापरलेला पारा बंद बाटलीत पाण्याखाली ठेवतात का, सांडला तर गोळा करायचं साहित्य हाताशी आहे का, हे विचारा. एकाही प्रश्नाचं उत्तर “नाही” आलं तर आधी ते दुरुस्त करा म्हणून आग्रह धरा. बाप म्हणून तिथे भांडा, मी तुमच्या बाजूने आहे.

आता ते “चार महिने एकच आलेख”. भाऊ, इथे तुमचा मोठा गैरसमज झालाय. व्होल्टेज पुढे-मागे फिरवायचं आणि किती विद्युतप्रवाह वाहतो त्याचा आलेख काढायचा, याला सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणतात. मीही ती केली आहे. केसासारख्या बारीक छिद्राच्या काचनळीच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढा पाऱ्याचा थेंब लोंबत असतो. आधी दहाएक मिनिटं द्रावणातून नायट्रोजन सोडायचा, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन स्वतःच प्रवाह देतो आणि आलेख बिघडवतो. मग व्होल्टेज ऋण बाजूला सरकवत न्यायचं. उणे ०.४ व्होल्टच्या आसपास प्रवाह एकदम वाढून आलेखात शिशाचं शिखर येतं, उणे ०.६ च्या आसपास कॅडमियमचं. द्रावणातला धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, दोन इलेक्ट्रॉन घेतो, धातू होतो आणि त्या थेंबातच विरघळतो. व्होल्टेज उलट फिरवलं की तोच धातू पुन्हा द्रावणात उतरतो आणि उलट दिशेचं दुसरं शिखर देतो. या दोन शिखरांत ३० मिलिव्होल्टच्या जवळपास अंतर पडलं तर देवाणघेवाण विनाअडथळा चालली आहे. ७० पडलं तर द्रावणाचा रोध नडतोय की अभिक्रियाच संथ आहे, ते शोधत बसायचं. स्कॅनचा वेग चौपट केला तर शिखर दुप्पट उंच व्हायला हवं, होतं का? मध्येच कुणी दार आपटलं की थेंब गळतो आणि सगळं पहिल्यापासून. तुम्हाला एकसारखे दिसले ते आलेख वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

चेक रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी प्रागमध्ये १९२२ साली अशाच ठिबकत्या पाऱ्यावर ही वाट काढली. त्यासाठी त्यांना १९५९ चं नोबेल मिळालं.

पाऱ्यावर नोकरी मिळेल, असं मी म्हणणार नाही. २०१३ च्या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर जगभर पाऱ्याचा वापर कमी करणं चालू आहे, त्याच्या जागी बिस्मथचे इलेक्ट्रोड येताहेत आणि मोठ्या प्रयोगशाळा धातू मोजायला बहुधा वेगळीच यंत्रं वापरतात. पण प्रोजेक्टचा विषय म्हणजे जन्माचा धंदा नव्हे. या कामात तयार झालेला हात आणि डोळा बॅटरीत, गंजरोधनात, प्लेटिंगमध्ये, साखर तपासायच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीत चालतो. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्र सरकारची अख्खी संशोधन संस्था याच शास्त्राची, म्हणजे विद्युतरसायनशास्त्राची आहे.

परीक्षांचं म्हणाल तर नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, तिला याच वर्षी देता येईल. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. तलाठी भरतीला लागणारी पदवी तिच्याकडे आहेच, तो अर्ज एम.एस्सी. झाल्यावरही भरता येईल. पाहुण्यांना परीक्षेनंतरचं सांगा, आणि तेही लेकीला विचारून.

तिला दोन शब्द सांगा म्हणालात. मी तिला काही सांगणार नाही. तुम्हीच तिच्याकडून ऐका. तुमच्या धंद्यातली गोष्ट आहे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काहीजण तिच्यात लेड क्रोमेट मिसळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. त्यातलं लेड म्हणजे तेच शिसं, तिच्या थेंबावर उणे ०.४ ला दिसणारं. या रविवारी ती घरी आली की दुकानातली चिमूटभर हळद तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, “यातलं शिसं कसं शोधशील?” काकांनाही बसवा. तासभर लागेल. मध्ये बोलू नका.